औषध चुकते ते विसरल्यामुळे नाही

एचआयव्हीसह जगणाऱ्या गरोदर स्त्रियांना आणि मातांना मोबाइलवर ठरलेल्या वेळी संदेश पाठवला की त्यांची गोळी चुकणार नाही, तपासणीची तारीख हुकणार नाही आणि बाळ संसर्गापासून वाचेल, हा विचार सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात गेली पंधरा वर्षे जोर धरून आहे. त्याला तीन आधार दिले जातात. संदेशाला खर्च जवळपास नसतो, मोबाइल घरोघरी पोहोचला आहे, आणि परदेशातल्या चाचण्यांनी उपयोग सिद्ध केला आहे. यांतला पहिला आधार अपुरा आहे, दुसरा चुकीचा आहे आणि तिसरा अर्धाच सांगितला जातो. वाशिमसारख्या जिल्ह्यात या तीन आधारांवर योजना उभी राहिली, तर ज्या बाईपर्यंत ती सर्वात आधी पोहोचायला हवी तिलाच ती वगळेल, आणि काही घरांत तिचे नुकसानही करील.

आईकडून बाळाला संसर्ग तीन टप्प्यांवर होतो: गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार नसेल तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. आईने औषध नीट घेतले आणि बाळालाही वेळेवर मिळाले, तर हे प्रमाण पाचाच्या खाली येते. भारतात हा संसर्ग रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला तेव्हा उपचार अगदी आटोपशीर होता. प्रसूतिकळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचा एक डोस. प्रसूती दवाखान्यात झाली की काम झाले. औषध टिकवण्याचा प्रश्न त्या पद्धतीत जवळपास नव्हताच. १ जानेवारी २०१४ पासून धोरण बदलले. गरोदरपणात एचआयव्ही आढळलेल्या प्रत्येक स्त्रीला, तिची प्रतिकारशक्ती कितीही चांगली असली तरी, तीन औषधांचा उपचार आयुष्यभरासाठी सुरू करायचा असे ठरले. हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या निर्विवाद चांगला होता. पण त्यामुळे एका डोसाचा कार्यक्रम रोजच्या गोळीचा झाला आणि संदेशांच्या कल्पनेला वाव मिळाला तो इथूनच.

आज ही गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, तपासतात. बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे नेव्हिरॅपिनचे सिरप, सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते कागदावर वाळवून पाठवायचे, म्हणजे डीबीएस, मग सहा महिने, बारा महिने आणि अठरा महिने अशा तपासण्या. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. आईसाठी दरम्यान एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्राच्या, फेऱ्या चालूच. साखळी दोन वर्षांहून लांब आहे आणि तिचा सर्वात कच्चा दुवा प्रसूतीनंतरचा आहे. २०१२ मध्ये अनेक देशांतल्या ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणात पुरेसे औषध घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ७५.७ टक्के होते. प्रसूतीनंतर ते ५३ टक्क्यांवर आले. गरोदर असताना न विसरणारी बाई बाळंत झाल्यावर एकाएकी विसराळू होते, असे कोणी म्हणू शकणार नाही. तिच्या आयुष्यात त्या काळात काहीतरी बदलते, आणि ते काय बदलते हे शोधण्याऐवजी तिच्या स्मरणशक्तीवर इलाज करणे ही या योजनेची मूळ चूक आहे.

परदेशी पुराव्यात सर्वाधिक पुढे केली जाते ती केनियातली वेलटेल ही चाचणी. रिचर्ड लेस्टर आणि सहकाऱ्यांनी ५३८ रुग्णांवर केलेली ही चाचणी २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आली. संदेश मिळणाऱ्या गटात औषध नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण ६२ टक्के, न मिळणाऱ्या गटात ५० टक्के. विषाणू दबलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ आणि ४८ टक्के. एवढे आकडे सांगून थांबले की संदेशाची बाजू भक्कम वाटते. पण त्या चाचणीत पाठवला जात होता तो संदेश औषधाची आठवण करून देणारा नव्हताच. आठवड्यातून एकदा, स्वाहिलीत, ‘कसं काय?’ एवढेच विचारले जाई. त्यात ना रोगाचे नाव, ना गोळीचे. रुग्णाने दोन दिवसांत ‘ठीक’ किंवा ‘अडचण आहे’ असे कळवायचे, आणि अडचण कळवणाऱ्याला किंवा उत्तरच न देणाऱ्याला दवाखान्यातला कर्मचारी स्वतः फोन करी. परिणाम झाला तो या सगळ्याचा मिळून. त्यातला फोन करणारा माणूस काढून टाकायचा, प्रश्नाच्या जागी सूचना ठेवायची आणि तरी बारा टक्क्यांचा फरक आपल्यालाही मिळेल असे सांगायचे, हा पुराव्याचा गैरवापर आहे.

केनियातलीच दुसरी चाचणी २०११ ची. ४८ आठवड्यांच्या अखेरीस साप्ताहिक संदेश मिळणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांनी ठरलेल्या गोळ्यांपैकी नव्वद टक्के किंवा अधिक गोळ्या घेतल्या होत्या. संदेश न मिळणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. रोज संदेश मिळणाऱ्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. औषध रोजचे असताना रोजची आठवण निष्प्रभ ठरावी आणि आठवड्यातून एकदा केलेली चौकशी उपयोगी पडावी, यावरूनच दिसते की इथे काम करते ती आठवण नव्हे. कोणीतरी आपली विचारपूस करते आहे ही जाणीव काम करते, आणि रोज येणारा ठराविक मजकूर ती जाणीवही बोथट करतो. शिवाय त्या अभ्यासात सहभागींना मोबाइल अभ्यासाकडूनच मिळाले होते. वाशिममध्ये मोबाइल कोण देणार, हा प्रश्न योजनेच्या टिपणात नसतो.

खास गरोदर स्त्रिया आणि मातांवरच्या चाचण्यांत २०१४ ची केनियाच्या न्यान्झा भागातली चाचणी महत्त्वाची आहे. प्रसूतीच्या आधी आणि नंतर संदेश मिळालेल्या स्त्रियांच्या बाळांपैकी ९२ टक्के बाळांची आठ आठवड्यांच्या आत तपासणी झाली, इतरांत ८५.१ टक्के. हा फरक खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. त्याच चाचणीतला दुसरा आकडा मात्र क्वचितच सांगितला जातो. स्वतःच्या तपासणीसाठी त्या मुदतीत परत आलेल्या माता संदेशाच्या गटात १९.६ टक्के होत्या आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. संदेशाने सुधारणा झाली, तरी पाचांतल्या चार माता आल्याच नाहीत. बाळासाठी बाई दवाखाना गाठते, स्वतःसाठी ते जमत नाही. हे वाशिमच्या कोणत्याही सिस्टरला सांगावे लागणार नाही.

पुढचा पुरावा संदेशवाद्यांना अधिक अडचणीचा आहे. केनियातच आठशेहून अधिक गरोदर आणि नंतर प्रसूत झालेल्या स्त्रियांवर एकतर्फी संदेश, दुतर्फी संदेश आणि काहीच संदेश नाही अशी तिहेरी तुलना झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणू दबण्यात किंवा उपचारात टिकून राहण्यात तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. त्या दवाखान्यांतली मूळ सेवाच चांगली होती आणि बहुतेक स्त्रिया आधीपासून नियमित होत्या, हे त्याचे मुख्य कारण दिले गेले. भारतातला अनुभवही असाच आहे. अनिता शेट आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. दर आठवड्याला रुग्णाच्या भाषेत आपोआप येणारा आवाजी कॉल आणि सोबत एक चित्रसंदेश, असे ९६ आठवडे चालले. उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात काहीही फरक पडला नाही. भारतातल्या जिल्ह्यासाठी योजना आखताना या देशातल्या चाचणीचा निकाल बाजूला ठेवून केनियाचा आकडा उद्धृत करणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचाही असाच अर्धा आधार घेतला जातो. संघटनेने मोबाइल संदेशांचा विचार करावा असे सुचवले आहे, पण औषध नियमित राहावे म्हणून करायच्या अनेक उपायांच्या संचातला एक भाग म्हणून. संच नसेल तर शिफारसही लागू होत नाही.

आता मोबाइल घरोघरी असण्याचा मुद्दा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी आपल्याकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल असल्याचे सांगितले. ग्रामीण भागात हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांच्याकडे मोबाइल होता त्यांतल्या ७१ टक्के स्त्रियांना त्यावरचा संदेश वाचता येत होता. दोन्ही आकडे एकत्र धरले तर स्वतःच्या फोनवर आलेला संदेश स्वतः वाचू शकणाऱ्या स्त्रिया शंभरात चाळीसही भरत नाहीत. पाहणीला काही वर्षे झाली आहेत आणि फोन वाढले असतील. पण उरलेल्या कोण हे बदललेले नाही: कमी शिकलेल्या, कमी वयात लग्न झालेल्या, मजुरीवर जगणाऱ्या, सासरी ज्यांचा शब्द चालत नाही अशा. औषध सुटण्याचा धोका नेमका यांनाच जास्त असतो. घरात फोन असणे आणि तो बाईचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि योजनेचा सगळा हिशेब पहिल्या गोष्टीवर बेतलेला असतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत सुमारे बारा लाख लोकसंख्या, त्यातली ऐंशी टक्क्यांहून अधिक खेड्यांत. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशिमचे नाव होते. शेती सोयाबीन आणि तुरीची, बरीचशी पावसावर. सोयाबीन निघाले, दिवाळी झाली की गावांतली आणि तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघतात. एआरटी केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. मानोऱ्याच्या टोकाचे गाव यवतमाळ जिल्ह्याला लागून, रिसोडच्या टोकाचे बुलढाणा आणि हिंगोलीला. तिथून वाशिमला जायचे म्हणजे एसटीचे वेळापत्रक, दिवसभराची मजुरी आणि ‘कुठे चाललीस?’ या प्रश्नाचे उत्तर, असे तिहेरी मोल द्यावे लागते. ‘आपली पुढील भेट उद्या आहे’ हा संदेश यांतल्या एकाही गोष्टीची तजवीज करत नाही. तारीख तिला पाठ असते. ती जाऊ शकत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट माहेरची आहे, आणि कोणत्याही परदेशी चाचणीत ती सापडणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत वऱ्हाडात आजही सर्रास आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मुलीला आणतात, सव्वा महिन्याचे झाल्यावर किंवा तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन ती सासरी जाते. म्हणजे व्हायरल लोडची तपासणी, प्रसूती, बाळाचे सिरप आणि सहाव्या आठवड्याची डीबीएस या चारही निर्णायक गोष्टी ती नोंदणीच्या जागेपासून दूर असताना घडायच्या असतात. नोंद सासरच्या केंद्रात. क्रमांक बहुधा नवऱ्याचा. बाळ कळंबच्या किंवा मेहकरच्या बाजूला आणि बाळाच्या तपासणीचा संदेश मंगरुळपीरच्या एखाद्या दुकानात नवऱ्याच्या खिशात वाजतो. माहेरी आईवडिलांना तिच्या आजाराचे माहीत असेलच असे नाही. नवऱ्याच्या घरात जी गोष्ट कशीबशी झाकलेली असते ती माहेरी नव्याने झाकायची असते, आणि बाळंतिणीच्या खोलीत कधी एकांत नसतो. प्रसूतीनंतर औषध सुटण्याचे प्रमाण वाढते त्याचे इथले उत्तर बरेचसे या स्थलांतरात आहे.

यावर संदेशाने मार्ग निघू शकतो, पण तो बाईला पाठवायचा संदेश नाही. तो एका केंद्राने दुसऱ्या केंद्राला पाठवायचा आहे. सातव्या महिन्यात समुपदेशकाने तिला विचारायचे, बाळंतपण कुठे होणार, आणि तिच्या लेखी संमतीने तिथल्या एआरटी केंद्राला आणि आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राला, कळवायचे, गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या एकदम द्यायच्या, बाळाचे सिरप सोबत देता येत नसेल तर ते तिथे तयार ठेवायला सांगायचे. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत देशभर वापरली गेली आणि ती चालली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, ‘सोच’ ही संगणकप्रणाली रुग्णाची नोंद तपासणीपासून उपचारापर्यंत एका साखळीत ठेवण्यासाठीच आहे. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग व्हायचा तो इथे: बाई हलली की तिची नोंद तिच्या मागे जावी. तारीख उलटली तर सूचना जावी ती आधी आरोग्य कर्मचाऱ्याला.

गुप्ततेचा प्रश्न संदेशवादी नेहमी एका वाक्यात मिटवतात. संदेशात एचआयव्हीचा उल्लेख नसेल, असे ते म्हणतात. मजकुरातून शब्द गाळला तरी पाठवणाऱ्याचे नाव, ठरलेली वेळ आणि पुन्हापुन्हा येणे यांतून घरातल्या माणसाला अंदाज येतोच. ‘औषध घेतले का?’ असे ज्या बाईला रोज रात्री कोणीतरी विचारते तिला सासू एक दिवस विचारणारच, कसले औषध. आपल्याकडे पुष्कळ घरांत पहिली तपासणी होते ती गरोदर बाईची, कारण दवाखान्याच्या संपर्कात तीच येते. संसर्ग नवऱ्याकडून आलेला असला तरी घरात आजार आणल्याचा ठपका तिच्यावर बसतो. तिचा आजार एका संदेशाने उघडा पडला तर तिला घराबाहेर काढले जाऊ शकते, आणि मग गोळीही सुटते.

याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे जवळपास कोणी पाहत नाही. गरीब घरात रिचार्ज संपला की सिम बंद पडते, नवे स्वस्त सिम घेतले जाते. वापर नसल्याने बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. ऊसतोडीच्या हंगामात सहा महिने बाहेर राहिलेल्या बाईचा जुना क्रमांक त्याच पंचक्रोशीतल्या एखाद्या अनोळखी माणसाकडे जाऊ शकतो, आणि यंत्र त्याला तिच्या नावाने संदेश पाठवत राहते. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित व्यक्तीची माहिती तिच्या लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि अशी माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने तिच्या संरक्षणाची व्यवस्था करायची आहे. नोंदणीच्या दिवशी, निदानाच्या धक्क्यात असलेल्या बाईकडून फॉर्मवर घेतलेली एक सही म्हणजे ही संमती नव्हे. दर फेरीला क्रमांक तोच आहे का, फोन कोणाच्या हातात असतो, संदेश नको असेल तर थांबवू का, हे विचारणे या कायद्याच्या अर्थातच येते. हजारो क्रमांकांना एकगठ्ठा संदेश पाठवणारी व्यवस्था हे विचारू शकत नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. साध्या एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहिले की मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. म्हणून असे संदेश एकतर रोमन लिपीतल्या मराठीत येतात, नाहीतर शासकीय पत्रासारखे आक्रसलेले. मानोऱ्याच्या तांड्यावर घरात बंजारा बोली, कारंजा-मंगरुळपीरच्या मुस्लिम मोहल्ल्यात उर्दू मिश्रित हिंदी, बाकी गावांत वऱ्हाडी. लिहिलेला मजकूर या बायांसाठी नाही. आवाजी संदेशाचा पर्याय अधिक बरा आहे. केंद्र सरकारची ‘किलकारी’ ही सेवा गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत ७२ आवाजी संदेश देते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती महाराष्ट्रातही सुरू झाली. मात्र दक्षिण भारतातल्या चाचणीत कॉल आवाजीच होते, रुग्णाच्या भाषेत होते, तरी फरक पडला नव्हता. आवाज असला तरी तो ऐकून घेणारा नसेल तर फार काही हाती लागत नाही.

एवढे म्हटल्यावर उलट टोकाचा युक्तिवाद येतो: बायांकडे फोन नाहीत, वाचता येत नाही, गुप्तता राहत नाही, तेव्हा मोबाइलचा नादच सोडावा. हाही चुकीचा आहे, आणि तो करणारे बहुधा पर्याय म्हणून काहीच सुचवत नाहीत. वाशिमच्या एआरटी केंद्रातली समुपदेशक, गावातली आशाताई आणि बाधितांच्या संघटनांतून आलेल्या कार्यकर्त्या आजही आपल्या खासगी फोनवरून बायांना शोधत असतात. ज्यांना नोंदवहीत ‘एलएफयू’ म्हणून लिहिले जाते, म्हणजे केंद्रात येणे बंद झालेल्या, त्यांना परत आणण्याचे काम बहुतांशी अशाच फोनांनी होते. तो फोन अनेकदा कार्यकर्तीच्या स्वतःच्या रिचार्जवर चालतो. महाराष्ट्रातलाच एक अनुभव इथे मार्गदर्शक आहे. पुण्याच्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी निगडित संशोधकांनी ‘कॉम्बाइंड’ नावाचा प्रयोग केला. त्यात मोबाइलचे साधन घरभेटी देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती दिले गेले आणि सोबत त्यांना बोलण्याचे, ऐकण्याचे, अडचण ओळखण्याचे प्रशिक्षण मिळाले. आईपासून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याच्या सेवांचा वापर त्यामुळे वाढल्याचे त्यांनी नोंदवले. इथे मोबाइलने माणसाची जागा घेतली नव्हती, त्याच्या हाताला बळ दिले होते. एकाच राज्यात, एकाच आरोग्यव्यवस्थेत मिळालेला हा पुरावा कोणत्याही परदेशी आकड्यापेक्षा वाशिमला जवळचा आहे.

बाईशी थेट संपर्काला जागा आहे ती तिच्या मागणीवर. काही तरुण स्त्रियांकडे स्वतःचा फोन असतो, त्या वाचतात, आणि ‘मॅडम, तारखेच्या आदल्या दिवशी मला आठवण करा’ असे स्वतः सांगतात. त्यांना संदेश जरूर जावा. कोणत्या नावाने, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत, हे त्यांनी ठरवावे. इतरांसाठी सर्वात सोपी आणि आपल्याकडे रुळलेली पद्धत मिस्ड कॉलची आहे. बाईने मिळेल त्या फोनवरून, शेजारणीच्या किंवा माहेरच्या, एक मिस्ड कॉल द्यायचा आणि समुपदेशकाने तिच्या सोयीच्या वेळी उलट फोन करायचा. पहिले पाऊल बाईचे, वेळ तिची, पैसे तिचे नाहीत. क्षयरोगाच्या उपचारात गोळीच्या पाकिटाआड लपवलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन औषध घेतल्याची नोंद करण्याची पद्धत देशात वापरली गेली, आणि मुंबई, चेन्नई, वेल्लोर इथे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिल्यावर ती नोंद पुरेशी विश्वासार्ह नसल्याचे दिसले. मिस्ड कॉलला पुरावा मानायचे नाही. त्याला हाक मानायचे आणि ओ द्यायची.

खर्चाच्या मुद्द्याकडे परत यावे लागते, कारण निर्णय शेवटी तिथेच होतात. संदेश स्वस्त आहे हे खरे, पण स्वस्त संदेशाने काम झाले नाही तर वाया गेलेला पैसा थोडा असला तरी वाया गेलेली वर्षे थोडी नसतात. देशात २०२१ च्या अंदाजानुसार सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे ३.९४ लाख, महाराष्ट्रात. एका जिल्ह्यात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या बाधित गरोदर स्त्रियांची संख्या त्या मानाने लहान असते. त्यातल्या प्रत्येकीला नावाने ओळखणारी एक कार्यकर्ती असणे मुळीच अशक्य नाही. मोठ्या संख्येसाठी यंत्र लागते. लहान संख्येसाठी माणूस परवडतो. एकगठ्ठा संदेशांच्या कंत्राटाआधी समुपदेशकाची रिक्त जागा भरणे, कार्यकर्तीला कामासाठी स्वतंत्र फोन आणि प्रवासखर्च देणे, आणि बाळंतपणाच्या काळात आईच्या एसटी भाड्याची सोय करणे हा क्रम असायला हवा. आणि योजनेचे यश मोजताना ‘इतके संदेश पाठवले’ हा आकडा मोजायचाच नाही. सहाव्या आठवड्यात किती बाळांची डीबीएस झाली, किती मातांचा व्हायरल लोड प्रसूतीआधी आणि प्रसूतीनंतर वर्षाने दबलेला होता, माहेरी गेलेल्यांपैकी कितीजणींची नोंद तिथल्या केंद्रात पोहोचली, हे मोजायचे.

अशा योजना बहुधा बाळाच्या अठराव्या महिन्याला संपतात. बाळाची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली की त्याचे कार्ड बंद होते आणि संदेशही थांबतात. आईची गोळी मात्र आयुष्यभराची आहे, आणि बाळासाठी केंद्रात येणारी बाई स्वतःसाठी येत नाही हे न्यान्झाच्या आकड्यांनी दाखवून दिले आहे. म्हणून अठराव्या महिन्याची ती भेट आईच्या पुढच्या उपचाराची आखणी करण्याची भेट म्हणून ठरवली पाहिजे: पुढचा व्हायरल लोड कधी, गोळ्या जवळच्या लिंक एआरटी केंद्रातून मिळतील का, हंगामात कुठे जाणार, आणि तिला कोणी फोन करावा असे तिला वाटते.